टॅक्सीवाल्यांचा जॉर्ज

नमस्कार मंडळी. कामगार चळवळीतून राजकारणात गेलेल्या एका माणसावर बोला असं मला सांगितलं, आणि मी पडलो मुंबईचा, वडील म्युनिसिपालिटीत, म्हणजे नाव एकच येणार, जॉर्ज फर्नांडिस. आमच्याकडे कुणी साहेब-बिहेब म्हणायचं नाही, नुसतं जॉर्ज.

मंगलोरचा पोरगा, घरच्यांनी पाद्री व्हायला बंगलोरला सेमिनरीत घातला, तिथे मन रमलं नाही आणि १९४९ ला मुंबईत आला तेव्हा झोपायला चौपाटी. गोदी कामगारांचे पुढारी डिमेलो आणि समाजवादी नेते डॉ. लोहिया, या दोघांच्या हाताखाली तो तयार झाला. पण त्याने युनियन कुणाची बांधली ते बघा. गिरणीच्या गेटवर पाळी सुटली की हजारो माणसं एकदम भेटतात, टॅक्सीवाला दिवसभर एकटा, आणि हॉटेलातला पोऱ्या तर रात्री टेबलं जोडून मालकाच्याच छपराखाली झोपणार, तो मालकाविरुद्ध तोंड कसं उघडेल? अशांना त्याने उभं केलं. नुसते संप नाही हं, १९६८ ला बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली, कामगाराला कर्ज मिळावं म्हणून. हे काम मला त्याच्या सगळ्या मंत्रिपदांपेक्षा मोठं वाटतं.

१९६७ ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, काँग्रेसचे एवढे वजनदार पुढारी, मुंबईवर त्यांचा शब्द चालायचा आणि समोर हा नगरसेवक. मग १९७४ चा त्याच्याच पुढारीपणाखालचा रेल्वे संप, ८ मे पासून वीस दिवस, देशभर हजारो कामगार आत, कित्येकांची बायकापोरं रेल्वे क्वार्टर्समधून बाहेर काढली. संप मोडला, पण पुढे आणीबाणीत पकडलेला जॉर्ज १९७७ ला जेलमधूनच मुजफ्फरपूरला निवडून आला, तीन लाखांवर मतांनी.

नंतरचं सगळंच पटलं असं नाही. जनता सरकारात मंत्री असताना १९७९ ला लोकसभेत त्याच सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगेच राजीनामा, ते मला आजही खटकतं. पण १९९० ला रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे मार्गी लावली, अर्थमंत्री मधू दंडवते, तेही जुने समाजवादी आणि राजापूरचे खासदार, म्हणून पैशाची वाट निघाली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी ७४ च्या संपात कुणी रेल्वेत होतं का? असेल तर आज जेवताना मला गाठा, मला ते ऐकायचंय, आणि जमलं तर लिहूनही काढा.