साप्पोरोचा हिममहोत्सव: बर्फाचं बांधकाम

जपानच्या उत्तरेकडचं होक्काइदो बेट आणि त्यावरचं साप्पोरो शहर. भर शहरातून पूर्व-पश्चिम जाणारी, सुमारे दीड किलोमीटर लांबीची ही ओदोरी बाग. १९५० साली शाळकरी मुलांनी इथे बर्फाचे ६ पुतळे उभे केले आणि 'युकी मात्सुरी', म्हणजे हिममहोत्सव सुरू झाला. १९५५ मध्ये जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान कामाला लागले, तेव्हापासून शिल्पं अवाढव्य होत गेली. आता फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठवडाभर चालणाऱ्या या उत्सवात १५ मीटरपर्यंत उंचीची शिल्पं दिसतात.

काम मात्र जानेवारीतच सुरू होतं. शहरातला बर्फ माती आणि धुराने मळलेला असतो. मळका बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो, म्हणून स्वच्छ बर्फ बाहेरून डंपरने आणतात. आधी लाकडी साचा बांधायचा, मग त्यात बर्फ टाकून थर पायांनी तुडवायचा. हे तुडवणंच सगळ्यात महत्त्वाचं. आत हवेची पोकळी राहिली, तर पुढे तिथेच भेग पडते. साचा काढला की कोरीवकाम वरून खाली होतं, म्हणजे पडणारा चुरा तयार भागाचं नुकसान करत नाही. नाक, बोटं, झालरी असे नाजूक तुकडे वेगळे कोरून पाणी आणि बर्फाच्या लगद्याने चिकटवतात. लगदा गोठला की सांधा पक्का.

खरा शत्रू थंडी नव्हे, ऊब. दुपारी पारा शून्याच्या वर गेला की कडा बोथट होतात, मग रात्री डागडुजी करावी लागते. म्हणून शिल्पं पाहायची तर पहिल्या एक-दोन दिवसांतच जा. उत्सव संपताच ती यंत्रांनी पाडली जातात, कारण सैल झालेला बर्फ कोसळण्याचा धोका असतो.

दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, असा फेरा दोनदा करावा. पूर्वेच्या टोकाला टीव्ही टॉवर आहे. त्याच्या सुमारे ९० मीटरवरच्या सज्जातून अख्खी बाग एका नजरेत येते. बागेच्या दक्षिणेला, सुसुकिनो भागात, पारदर्शक बर्फाची शिल्पं असतात. ती रात्रीच खुलतात. मुलं सोबत असतील, तर घसरगुंड्यांकडे वळा.

चालताना सांभाळा. झेब्रा क्रॉसिंग आणि टॅक्सी थांबे सर्वांत निसरडे, कारण चाकांनी तिथला बर्फ घासून काचेसारखा केलेला असतो. पावलं लहान टाका, तळवा सपाट टेकवा, हात खिशाबाहेर ठेवा. चौकाचौकांत पेट्यांमध्ये वाळू ठेवलेली असते; ती उचलून पायापुढे टाकायला कुणाचीही परवानगी लागत नाही. बुटांना लावायचे काटे दुकानांत मिळतात, पण आत शिरताना ते काढा, गुळगुळीत फरशीवर तेच घसरवतात. स्टेशनपासून ओदोरीपर्यंत २०११ मध्ये झालेला भुयारी पादचारी मार्ग आहे, हिमवादळात तोच धरा. आणि कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर भिंगावर दव साचतं.