बांबू कुणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं हे पाचगाव. चहूबाजूंनी बांबूचं जंगल, पण तो बांबू गावाचा नव्हता. 1927च्या भारतीय वन कायद्याने बांबूची गणना झाडांत केली, आणि झाड म्हटलं की मालकी वनखात्याची. कागद कारखान्यांना करार करून ट्रकच्या ट्रक बांबू जायचा. टोपली विणायला दोन बांबू आणणारा गावकरी मात्र चोर ठरायचा.

2006च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, म्हणजे मध-डिंकासारख्या ज्या वस्तूंवर गावाचा हक्क असतो त्यांत. गवताच्या कुळातलाच तो! तरी हक्क पदरात पडायला वेळ लागला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला तो 2011 मध्ये. तोवर तोडलेला बांबू विकायचा कसा? 2012 मध्ये पाचगावलाही सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला.

आता बांबूची ही रांजी, म्हणजे बांबूचं बेट, जवळून बघा. यंदाचे कोवळे कोंब राखलेत. पक्का बांबू तेवढा तोडलाय, तोही जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या जरा वर. पुढच्या वर्षी इथेच तोडायला यायचं आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाचा हा कोयता आहे.

बांबूचा पैसा येऊ लागला आणि पाचगावने विड्यांसाठी विकला जाणारा तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. मला हा निर्णय सगळ्यांत मोठा वाटतो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून उन्हाळ्यात जंगलाला आगी लावतात, झुडपं छाटतात. त्यात रोपं जळतात, पाखरांची अंडी जळतात, झाडाला फळही धरत नाही. म्हणून हक्काची कमाई गावाने आपणहून सोडली. असा निर्णय वरून आलेल्या हुकमाने झाला असता, असं मला वाटत नाही.

आणि म्हणूनच 2022च्या वन संवर्धन नियमांनी केलेल्या, 2023च्या नव्या नियमांतही कायम राहिलेल्या बदलाची काळजी वाटते. पूर्वी प्रकल्पासाठी वनजमीन देताना केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती लागायची. आता केंद्र मंजुरी देऊन मोकळं होतं, वनहक्कांचं काय ते राज्याने नंतर बघायचं. वनहक्क कायद्याचं एक अक्षरही त्या नियमांनी बदललेलं नाही. गावाला विचारायची वेळ तेवढी पुढे ढकलली. दिल्लीत मंजुरी झाल्यावर ग्रामसभा ‘नाही’ म्हणाली, तर तिचं ऐकणार कोण?