घंटा झाली, पण वास कुठंय?

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी तोंडावर आली, की वर्षभर झाकून ठेवलेला ओव्हन ओट्यावर येतो. आज त्या ओव्हनमधल्या पंख्याबद्दल बोलूया आणि त्याहून जास्त त्याच्या टायमरबद्दल.

आधी पंखा. साध्या ओव्हनमध्ये वरखाली सळया तापतात, गरम हवा वर चढते, मग वरचा ट्रे लाल होतो आणि खालचा मागे राहतो. पंखा ही हवा सगळीकडे खेळवतो. पदार्थाभोवती गरम वारा फिरत राहिला की तो लवकर भाजतो. म्हणून साध्या ओव्हनसाठीच्या कृतीत 180 अंश लिहिलं असेल आणि तुम्ही पंखा लावणार असाल, तर 160 ठेवा. पुन्हा सांगते, 180 असेल तर 160. वीस अंश कमी. आणि ट्रे भिंतींना टेकवू नका, कडेनं बोटभर जागा सोडा. वाऱ्याला फिरायला वाट हवी.

आता टायमर. आपल्याकडच्या बऱ्याच ओटीजींचा, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनांचा, टायमर चावीचा असतो. बटण फिरवलं की आत स्प्रिंग पिळली जाते आणि सुटताना टिकटिक करते. पाच मिनिटंच लावायची असतील तर बटण आधी दहाच्या पुढे न्या, मग मागे पाचवर आणा. थोडंसंच फिरवलं तर पीळ नीट बसत नाही. शून्यावर आला की घंटा वाजते आणि सळयांची वीज बंद होते. सळयांची वीज, बरं का. आतली धग तशीच असते, त्यामुळे बिस्किटं आत राहिली तर पुढेही भाजत राहतात.

आणि ही स्प्रिंग विजेवर चालत नाही. त्यावरून मला माझ्या आईची गोष्ट सांगायचीय.

आम्ही साताऱ्याचे. लहानपणी घरात ओव्हन कुठला! दिवाळीआधी आई तूप-साखर परातीत तळहातानं फेसायची, पांढरं, हलकं होईपर्यंत. नानकटाईला घरी कढवलेलं साजूक तूपच हवं, हे माझंही ठाम मत आहे. वनस्पती तुपाची नानकटाई टाळूला चिकटते आणि वेलदोड्याचा वास मारून टाकते. तर मैदा, थोडं बेसन, चमचाभर रवा घालून मळलेलं ते पीठ आम्ही पातेल्यात घालून, वर ओलं फडकं टाकून, बेकरीत न्यायचो. तिथेच पत्र्यांवर गोळे मांडायचे, प्रत्येकावर एक चारोळी दाबायची आणि आपल्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची. भट्टीवरचे मामा लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सरकवायचे. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं. भट्टीकडे पाठ करून दुसऱ्यांचे पत्रे लावता लावता ते एकदम थांबायचे, नाक जरा वर करायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुमचा पत्रा झाला." आई बाकावर बसून हे सगळं निरखत असायची.

पुढे माझ्या घरी ओव्हन आला. भारनियमनाची ती वर्षं होती. दिवाळीला आई आली होती. त्या दिवशीची वीज सकाळी जाऊन आलेली, म्हणून मी दुपारी निर्धास्तपणे ओव्हन दहा मिनिटं तापवला, 160 वर नानकटाई आत ठेवली, अठरा मिनिटं लावली आणि बाहेरच्या खोलीत आईजवळ जाऊन बसले. ती वाती वळत होती. लख्ख ऊन, खिडक्या उघड्या, घरात दिवा नाही की पंखा नाही. स्वयंपाकघरातून टिकटिक येत होती. अठरा मिनिटांनी टिंग झालं, तशी मी उठले.

आई वात बाजूला ठेवून म्हणाली, "घंटा झाली गं, पण वास कुठंय?"

दार उघडलं तर नानकटाया पसरून एकमेकींना चिकटलेल्या, पांढऱ्याफटक, कडेला तूप सुटलेलं. आतला दिवाही लागला नव्हता. वीज मधेच कधीतरी गेली होती. सळया गार झाल्या, पंखा थांबला आणि टायमर मात्र आपली अठरा मिनिटं इमानानं पुरी करत राहिला. एवढं साजूक तूप, एवढा फेसण्याचा कष्ट! मला रडूच आलं.

आईनं तो पत्रा बाजूला ठेवला. उरलेलं पीठ झाकून माठाजवळ गारव्याला ठेवायला लावलं. तासाभरानं वीज आली तेव्हा तिनं ओव्हनसमोर खुर्ची ओढली आणि वाती घेऊन तिथेच बसली. टायमरवर अजून तीन मिनिटं बाकी असताना म्हणाली, "काढ." मी काढल्या. वर बारीक भेगा पडलेल्या, कडा बदामी, आणि घरभर तोच बेकरीतला वास.

मुलांना काट्यांचं घड्याळ वाचायला जरूर शिकवा, श्रोतेहो, हल्ली ते मागे पडत चाललंय. पण तूप आणि वेलदोडा भाजल्याचा वास कधी बदलतो, हेही त्यांना ओव्हनजवळ उभं करून दाखवा.

वेळ होत आली, तेव्हा भराभर सांगते. ओव्हन आधी दहा मिनिटं तापवा. त्या दहा मिनिटांसाठीही टायमर फिरवावा लागतो. मग पदार्थ ठेवून पुन्हा लावा. दोनदा लावायचा, दोनदा. भाजताना वीज गेली तर टायमरवर किती मिनिटं उरली ते लगेच बघून ठेवा आणि दार उघडू नका. परदेशातल्या आपल्या मुलींच्या भिंतीतल्या ओव्हनला आकड्यांचं घड्याळ असतं. वीज जाऊन आली की ते लुकलुकत राहतं, आणि असे बरेच ओव्हन घड्याळ लावल्याशिवाय तापतच नाहीत. ओव्हन बिघडला समजून मेकॅनिकला बोलावण्याआधी घड्याळ लावून बघायला सांगा.

आणि पंखा असेल तर 180चे 160. नमस्कार.