चिटबॉयच्या हातात मोबाइल दिला, पुढे काय?

(सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत. मला फळ्यावर लिहायचंय आणि माझं अक्षर बारीक आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या धंद्यात, जायचंय असं सरांनी सांगितलं. तिथली मुलाखत म्हणजे केस. समोरचा माणूस एखाद्या कंपनीची अडचण सांगतो आणि अर्धा तास तुम्ही बोलत बोलत ती सोडवायची. बँकेला जुनी प्रणाली बदलायचीय, कारखान्यात ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, आणायचंय, दवाखान्याला कागद बंद करायचाय, अशा केसेस आल्या की आपली मुलं इंजिनिअर असल्यामुळेच अडकतात. सॉफ्टवेअरचं नाव ऐकलं की लगेच क्लाउड, डेटाबेस, सिक्युरिटी. मी सराव मुलाखती घेते, त्यात पहिल्या पाच मिनिटांत हे हमखास होतं. मुलगा हुशार असतो, जे बोलतो ते बरोबरही असतं, पण त्याला ते विचारलेलंच नसतं. विचारलेलं असतं ते असं: हे आल्यावर सोमवारी सकाळी कुणाचं काम बदलणार, आणि तो ते बदलू का देईल?

आपल्या जिल्ह्यातलीच केस घेऊ. कारखाना काल्पनिक आहे, आकडे मी धरलेले आहेत. एक सहकारी साखर कारखाना, रोजचं गाळप 5,000 टन, हंगाम 120 दिवसांचा. ऊसतोडीचं नियोजन कागदावर चालतं. संचालक मंडळाला मोबाइल ॲप आणायचंय. आणावं का, आणि कसं?

पहिली दोन मिनिटं प्रश्न विचारण्यात घालवा. ॲप कशासाठी हवंय? शेतकऱ्यांची ओरड कमी व्हावी म्हणून, साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) वाढावा म्हणून, वाहतुकीचा खर्च उतरावा म्हणून, की शेजारच्या कारखान्यानं आणलं म्हणून? या चार वेगवेगळ्या केसेस आहेत. मंडळाच्या मनात नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय पुढचं अक्षर लिहू नका. मग सरळ सांगा, ‘मला एक मिनिट द्या.’ ते मिनिट मिळतं. त्यात शांतपणे कागदावर आराखडा काढा. गप्प बसायची भीती वाटते, ती सरावानं जाते.

आराखडा कसा असावा? बार्बरा मिंटो मॅकिन्झी या मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत होत्या. विचारांची मांडणी कशी करावी याची जी शिस्त त्यांनी घालून दिली ती या धंद्यात आजही चालते. भाग असे पाडा की कुठलेही दोन एकमेकांवर चढू नयेत आणि काही सुटूही नये. आपल्याकडे भावाभावांत जमिनीची वाटणी होते तशी. एकच गुंठा दोघांच्या नावावर चढला तर भांडण, आणि कुणाच्याच नावावर लागला नाही तर तो पडीक. पण वाटणी त्या जमिनीची हवी. पाठ केलेला आराखडा कुठल्याही केसवर चिकटवला की मुलाखत घेणाऱ्याला ते तिसऱ्या वाक्यात कळतं.

आता त्या उसाच्या मागे चालत जाऊ. शेतकरी लागणीची नोंद करतो. गट ऑफिसात, म्हणजे काही गावांच्या गटासाठीच्या कारखान्याच्या कचेरीत, तोडीचा प्रोग्रॅम ठरतो. चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी वाटणारा कारखान्याचा माणूस, फडावर जातो, चिठ्ठी देतो. मुकादम तोडणी मजुरांची टोळी लावतो. ऊस ट्रॅक्टरवर चढतो, केनयार्डात, म्हणजे कारखान्याच्या गाड्या थांबतात त्या आवारात, नंबर लागतो, काट्यावर वजन होतं, आणि ऊस गाळपासाठी गव्हाणीत पडतो. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारायचे. इथे कोण काय लिहितं? आणि न लिहिता कोण काय ठरवतं? दुसऱ्या प्रश्नात सगळी केस आहे.

हे मी आत्याच्या बांधावर शिकले. वाळवा तालुक्यात तिचा दीड एकर ऊस होता. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात केलेली लागण, नोंद वेळेवर झालेली. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, तोड येईना. उसाला तुरे आले. ती रोज सकाळी चहा घेऊन बांधावर जाऊन बसायची आणि चिटबॉयची मोटरसायकल दिसते का बघायची. तो यायचा, शेजारच्या फडात जायचा. चिठ्ठ्यांचं पुस्तक त्याच्या शर्टाच्या खिशात दुमडलेलं असायचं, वर निळ्या पेनाच्या खाडाखोडी. मार्चमध्ये तोड आली तेव्हा कांडी हातात हलकी लागत होती, आतून पोकळ. टनेज घटलं. वर मुकादमाला खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्याला एन्ट्री, असे वरचे पैसे द्यावे लागले. तिची नोंद रजिस्टरात होती, तारीख होती, नंबर होता. त्या नंबराप्रमाणे चालायचं की नाही, हे मात्र रजिस्टर ठरवत नव्हतं.

म्हणून ॲपच्या केसमध्ये मी पहिल्यांदा हे लिहीन: नंबर सगळ्यांना दिसायला लागला की कुणाच्या हातातली सत्ता जाते? चिटबॉयची जाते, मुकादमाची जाते, गट ऑफिसातल्या कारकुनाची जाते, आणि ज्यांच्या फोनवर तोड पुढे सरकते त्या मंडळींचीही जाते. यांतल्या काहींच्याच हातात तुम्ही मोबाइल देणार आहात. त्यांनी खोटी नोंद केली, रेंज नाही म्हणून कागदच चालवला, तर ॲप तिथंच संपलं. हे ओळखणारा उमेदवार मी लगेच पुढच्या फेरीत पाठवते.

आता गणित. फळ्याकडे बघा. रोज 5,000 टन, 120 दिवस, म्हणजे हंगामाला 6 लाख टन. वेळेत तोड झाली, तुटलेला ऊस केनयार्डात वाळला नाही, तर उतारा समजा 0.1 टक्का वाढला, 11.5 चा 11.6 झाला. एका टनामागे 1 किलो साखर जास्त. 6 लाख टनांमागे 6 लाख किलो, म्हणजे 6,000 क्विंटल. क्विंटलला 3,600 रुपये धरले तर 2 कोटी 16 लाख. खर्च पहिल्या वर्षी दीड कोटी आणि पुढे दरवर्षी 40 लाख धरला, तर पहिल्याच हंगामात पैसे वसूल होतात. बहुतेक मुलं इथे थांबतात आणि म्हणतात, आणा.

थांबू नका. समजा निम्म्याच चिटबॉयनी ॲप वापरलं. फायदा निम्मा होईल का? नाही होणार. केनयार्डातली रांग एकच आहे. निम्म्या गाड्या ॲपच्या वेळेवर आल्या आणि निम्म्या जुन्या पद्धतीनं लोटल्या, तर वेळेवर आलेलाही रांगेतच अडकतो. अर्ध्या वापरातून फायदा जवळजवळ शून्य येतो, खर्च मात्र पूर्ण लागतो. हे वाक्य तुमच्या तोंडून आलं की समोरचा पेन खाली ठेवून ऐकायला लागतो. मी ते होताना पाहिलंय.

मग कधी सुरू करायचं? हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना महाग पडलाय. हर्शी ही अमेरिकेतली चॉकलेट कंपनी. तिनं 1999 च्या जुलैत ऑर्डरची नवी प्रणाली सुरू केली, आणि ऑक्टोबरात त्यांचा हॅलोवीनचा सण. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलेलं. चॉकलेट गोदामात पडून होतं आणि दुकानांपर्यंत जात नव्हतं. सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी त्यांना पुरवता आल्या नाहीत. आपल्या भाषेत, ऐन गाळपात रोलर बदलायला काढले.

दुसरं उदाहरण टीएसबी या ब्रिटिश बँकेचं. 2018 च्या एप्रिलमध्ये तिनं 52 लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारी जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेली. खाती पोचली, पण सुमारे 19 लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नंतर चौकशी झाली त्यात निघालं की दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच नीट चाचणी झाली होती. 2022 च्या डिसेंबरात तिथल्या नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांवर दंड केला. ही केस वाचताना मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की ‘आपण तयार आहोत का’ हा प्रश्न तारीख ठरल्यानंतर विचारला गेला.

लिड्ल या जर्मन दुकानसाखळीचं वेगळं झालं. ती आपल्या मालाचा हिशेब खरेदीच्या किमतीवर ठेवायची, आणि एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीची नवी प्रणाली विक्रीच्या किमतीवर बेतलेली. कंपनीनं आपली पद्धत सोडली नाही, सॉफ्टवेअरच वाकवत गेली. सात वर्षांनी, 2018 मध्ये काम थांबवलं तोवर सुमारे 50 कोटी युरो गेले होते, अशा बातम्या आल्या. मुलाखतीत हे नाव फेकायचं नाही. प्रश्न मात्र न्यायचा: सॉफ्टवेअरच्या पद्धतीनं आपण चालायचं, की आपल्या पद्धतीनं सॉफ्टवेअरला चालवायचं, आणि हे कोण ठरवणार?

आपल्या कारखान्याचं उत्तर मग असं येतं. शेवटी बोलताना आधी निर्णय सांगा, कारणं मागून. ‘ॲप आणावं, पण सगळ्या गटांत एकदम नको.’ पावसाळ्यात कारखाना बंद असतो, तेव्हा लागणीच्या नोंदी आणि क्षेत्र तपासून भरून घ्यायचं. तोडीची चाचणी तेव्हा होऊच शकत नाही, कारण तोडच नसते. हे ध्यानात ठेवून हंगामाच्या दुसऱ्या टप्प्यात एका गटात ॲप चालवायचं, आणि त्याच गटात चिठ्ठीपुस्तकही चालू ठेवायचं. त्या गटाच्या गाड्यांना केनयार्डात वेगळी रांग द्यायची, नाहीतर मघाशी म्हटलं तसं काहीच कळणार नाही. चिटबॉयचा भत्ता नंबराप्रमाणे झालेल्या तोडीशी जोडायचा. शेतकऱ्याला त्याचा नंबर एसएमएसनं जायला हवा, कारण आत्यासारख्या माणसाकडे साधाच फोन असतो. आणि काय दिसलं तर माघार घ्यायची, हे आधीच लिहून ठेवायचं.

तयारीबद्दल थोडं. मॅकिन्झीत मुलाखत घेणारा तुम्हाला एकेका प्रश्नावर नेतो, बऱ्याच ठिकाणी गाडी तुम्हालाच हाकावी लागते. दोन्हीचा सराव करा. गुणाकार-भागाकार हातानं, मोठ्यानं बोलत करा. आपलं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐका, पहिल्यांदा ऐकवत नाही, तरी ऐका. इंग्रजीची धास्ती इथे अनेकांना आहे, मला ठाऊक आहे. माझ्या पाहण्यात इंग्रजीमुळे फार कमी मुलं पडली, घाईमुळे पुष्कळ पडली. मराठीत विचार करा आणि छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत सांगा. आणि पुस्तकातल्या पन्नास केसेस करण्याआधी आठवड्यातून एक सकाळ बाहेर काढा. एसटी स्टँडचं आरक्षण, बँकेची खिडकी, दवाखान्याचा केसपेपर. तासभर उभं राहून फक्त बघा, कागद कुणाकडून कुणाकडे जातो आणि कुठे थांबतो.

आता जोड्या करा. एकानं मुलाखत घ्यायची, एकानं द्यायची, वीस मिनिटं. केस आपल्या मार्केट यार्डातली. हळदीचे सौदे पूर्ण मोबाइलवर न्यायचेत, व्यापाऱ्यांनी घरबसल्या बोली लावायची. सुरुवात करण्याआधी एवढं ध्यानात घ्या. सौद्याच्या वेळी व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो, आतला रंग बघतो, नाकाशी नेतो आणि मग भाव बोलतो. स्क्रीनवर ते मोडणार कोण, आणि व्यापारी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणार? चला, वेळ लावते.