मोबाइल असताना हॅम रेडिओ कशाला?

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर एकच शब्द, 'पोचलो'. शेजारी दोन निळ्या खुणा.)

पुण्यातून लातूरला व्हॉट्सॲपवर एवढा एक शब्द पाठवला, तर तो आधी जवळच्या टॉवरवर जातो. तिथून फायबरनं कंपनीच्या केंद्रात, मग कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर, आणि तिथून पुन्हा टॉवर गाठत लातूरच्या फोनवर. या सगळ्या वाटेत आपल्या मालकीचे फक्त दोन टोकांचे दोन फोन.

हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना काढून हौसेनं चालवायच्या बिनतारी संचावर, हाच शब्द पाठवायचा तर इकडे एक संच, एक बॅटरी आणि छतावर ताणलेली तार लागते. तिकडेही तेवढंच. मधे आकाश.

(आवाज: खरखर, त्यातून मोर्सचे लांब-आखूड सूर.)

पण आता याचा उपयोग काय, असं विचारलं की हॅम मंडळींचं उत्तर तयार असतं: आपत्तीत कामाला येतो. उत्तर खोटं नाही. 1993मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आणि 2001मध्ये गुजरात हादरलं तेव्हा हॅमच्या तुकड्या भूकंपग्रस्त भागात पाठवल्या गेल्या होत्या. तरीही हे उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्ध अंदमानात सापडतं.

डिसेंबर 2004. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या हैदराबादच्या संस्थेची तुकडी घेऊन भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला उतरल्या होत्या. त्यांचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, व्हीयू टू आरबीआय. मदतकार्याचा तिथं प्रश्नच नव्हता. त्या गेल्या होत्या निव्वळ छंदापायी. अंदमानातून 1987नंतर कोणी हॅम बोललाच नव्हता, त्यामुळे या बेटाशी एकदा तरी संपर्क व्हावा म्हणून जगभरचे हॅम टपून बसले होते. एका हॉटेलात संच मांडलेले, बाहेर अँटेना उभ्या, आणि दिवसरात्र नुसती कॉलसाइनची देवाणघेवाण चाललेली. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटला असता.

26 तारखेला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलली. पाठोपाठ समुद्र आत आला. बेटांचा एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. तुकडीनं संपर्कांचे आकडे वाढवण्याचा नाद तिथंच सोडला आणि त्याच संचांवरून निरोप द्यायला घेतले: कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता लागत नाही. पुढे कार निकोबारलाही संच नेला गेला.

आता इथं नीट बघा. हे जमलं, कारण अँटेना आधीच उभी होती, हात सरावलेला होता आणि पलीकडे माणसं कान लावून बसलेली होती. कपाटात जपून ठेवलेला आणीबाणीचा संच ऐन वेळी दगा देतो, कारण त्याची बॅटरी कधी उतरली हेच कोणाला माहीत नसतं. ज्याला रोज संध्याकाळी विनाकारण बोलायची खोड आहे, त्याचा संच मात्र चालू असतो.

(दृश्य: उपग्रह फोन, मोबाइल टॉवरवर चढलेला कामगार.)

'सगळं बंद पडलं की हॅम' ही घोषणा मात्र जरा जपूनच वापरावी. आता बचाव पथकांकडे उपग्रह फोन असतात आणि बंद पडलेले टॉवर पूर्वीपेक्षा लवकर उभे राहतात. प्रत्येक पुरात हॅमच तारून नेईल, असं छातीठोकपणे सांगणं म्हणजे पोस्टरची भाषा झाली. या छंदाला जगायला एवढा मोठा दाखला लागतही नाही.

कारण त्याचं मूळ काम शोधण्याचं. 1912मध्ये अमेरिकेनं हौशी मंडळींना 200 मीटरखालच्या तरंगलांबीवर ढकललं. त्या लहरी दूरच्या संपर्काला निरुपयोगी, असा तेव्हाचा समज. हौशी लोक तिथंच खटपट करत राहिले, आणि नोव्हेंबर 1923मध्ये 110 मीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर अमेरिका आणि फ्रान्समधले हौशी अटलांटिकपलीकडे एकमेकांशी दुतर्फा बोलले. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या एका मेंढपाळ घराण्याच्या शेतावरून थेट लंडनमधल्या एका शाळेशी संपर्क झाला. भंगारात टाकलेल्या लहरी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचत होत्या.

त्या पोचतात आयनांबर या हवेच्या वरच्या थरामुळे. सूर्यकिरणांनी वरच्या विरळ हवेतले अणू विद्युतभारित होतात आणि या शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड लहरींना वळवून खाली पाठवतात. सूर्यावरचे डाग साधारण 11 वर्षांच्या चक्रात वाढतात, कमी होतात. त्याप्रमाणे बँड, म्हणजे बोलायचा लहरींचा पट्टा, उघडतो आणि मिटतो. आज दुपारी जपान घरबसल्या ऐकू येईल, उद्या त्याच वेळी नुसती खरखर. हॅमला यातच गोडी वाटते. फोन लागणारच असतो. इथं लागेल की नाही, हे सूर्य ठरवतो.

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर खाली सरकणारे रंगीत पट्टे.)

इंटरनेट या छंदाच्या मुळावर येईल, असं वाटलं होतं. झालं भलतंच. 2017मध्ये आलेली एफटी-8 ही संगणकाच्या मदतीनं संदेश पाठवायची पद्धत जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी तयार केली. यातले टेलर म्हणजे जोड-पल्सारच्या शोधासाठी 1993चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे. 15-15 सेकंदांच्या पाळ्यांत ही पद्धत कानाला ऐकूही न येणारा क्षीण संदेश गोंगाटातून उचलते. आपला आवाज कुठं कुठं पोचला, ते काही क्षणांत इंटरनेटवरच्या नकाशावर दिसतं. मोर्सची टकटक आणि हा नकाशा एकाच टेबलावर सुखानं नांदतात.

आपल्या इस्रोनंही 5 मे 2005 रोजी खास हॅमसाठी 'हॅमसॅट' हा 42.5 किलोचा उपग्रह सोडला. त्यातला एक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे खालून आलेला संदेश परत खाली पाठवणारं यंत्र, भारतात बनलेला, दुसरा नेदरलँड्समधल्या एका हॅम विद्यार्थ्यानं घडवलेला. 2014पर्यंत तो चालला. नागरिकांच्या हौसेसाठी अंतराळात जागा मिळावी, ही गोष्ट लहान नाही.

परवाना परीक्षा देऊन मिळतो. वयाची अट 12 वर्षं पूर्ण. विषय दोन, इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला 8 शब्दांच्या वेगानं मोर्सही यावा लागतो. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत, आणि सांकेतिक गुप्त भाषा वापरायची नाही. जे बोलाल ते कोणीही ऐकावं, असाच हा मामला आहे.

खरी अडचण वेगळीच. 7 मेगाहर्ट्झच्या साध्या अँटेनाला साधारण 20 मीटर तार लागते, आणि सोसायटीच्या सभेत तो विषय निघाला की सेक्रेटरी चष्मा काढून बघतात. त्यात स्वस्त चार्जर आणि एलईडी दिवे एवढा गोंगाट करतात की शेजाऱ्यानं जिन्यातला दिवा लावला तरी जपान बुडतं. म्हणून शहरातले हॅम रविवारी बॅटरी आणि तारेचं भेंडोळं पाठीवर टाकून डोंगर गाठतात. तिथं झाडाला तार बांधायला कोणाच्या ठरावाची वाट बघावी लागत नाही.