उपचार संपले, आता पुढे?

श्रोतेहो, नमस्कार. कर्करोगाचे निदान आणि उपचार यांविषयी आपण वरचेवर ऐकतो. उपचार संपल्यानंतरच्या महिन्यांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, म्हणून आजचे बोलणे त्या महिन्यांपुरतेच ठेवणार आहे.

तोंडाच्या कर्करोगाचा जो रुग्ण गोंदियाहून किंवा गडचिरोलीहून नागपुरात येऊन राहतो आणि मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या कर्करोग संस्थेत रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक घेतो, त्याचे सहा-सात आठवडे ठरलेल्या वेळांनी बांधलेले असतात. आठवड्यातले पाच दिवस कोणीतरी त्याची विचारपूस करते आणि शेजारच्या बाकावरचा रुग्ण आपल्याला काय गिळता आले ते सांगतो. मग शेवटचा शेक होतो, काही आठवड्यांनी तपासणीला बोलावले जाते आणि घरी सत्यनारायण घातला जातो. नातेवाइकांच्या लेखी आजार तिथे संपतो. रुग्णाला मात्र तेव्हाच अधांतरी वाटू लागते, कारण आजवर रोगाविरुद्ध रोज काहीतरी चालले होते आणि आता काहीच चाललेले नाही. ‘सुटलास एकदाचा’ असे जो तो म्हणत असताना ही घालमेल बोलून दाखवणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते.

शरीराचे वेळापत्रक घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा निराळे असते. तोंडातली आग शेवटच्या शेकानंतर आठवडा-दोन आठवडे वाढूही शकते. लाळ कमी झाल्याने कोरडी भाकरी उतरत नाही, आणि भेटीला येणारे प्रेमाने आणतात ती संत्री तोंडाला झोंबतात. सावजी रश्श्याची गोष्ट तर दूरच. पातळ वरण-भात, ताक सोसवेल तसे, मऊ खिचडी यांवर काही महिने काढावे लागले तर त्यात लाड नाहीत. जबड्याला शेक दिलेला असल्यास दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला ते सांगितलेच पाहिजे, कारण अशा हाडाची जखम भरून येत नाही असे घडू शकते, आणि हा धोका वर्षानुवर्षे राहतो. तोंड उघडण्याचे शिकवलेले व्यायाम थांबवू नयेत.

थकव्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण घरातले सर्वाधिक गैरसमज त्यावरूनच होतात. हा थकवा झोपेने जात नाही आणि तो कित्येक महिने टिकू शकतो. स्तनाच्या कर्करोगातून उठलेली बाई बाहेरून ठणठणीत दिसते, म्हणून सासरी तिच्याकडे स्वयंपाकघर परत सोपवले जाते आणि दुपारी ती आडवी झाली की कुजबुज सुरू होते. हा अन्याय आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. या थकव्यावर पडून राहण्यापेक्षा बेताने चालणे अधिक उपयोगी पडते. दहा मिनिटांपासून सुरुवात करून डॉक्टरांच्या सल्ल्याने ते वाढवावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा सूर्य वर येण्याआधी फिरून यावे. किमोच्या काही औषधांनी तळपाय बधिर होतात, आणि अशा माणसाला तापलेल्या गच्चीवर अनवाणी गेल्यास भाजल्याचे कळतही नाही.

कामावर परतणाऱ्या पुरुषांपुढे आणखी एक अडचण असते. जेवणाच्या सुटीत पानठेल्यावर तीच मंडळी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभी असतात, आणि ‘आता तर बरा झालास’ म्हणून पुडी पुढे करतात. तंबाखू आणि सुपारी पुन्हा सुरू झाली, तर तोंडात दुसऱ्या जागी नवा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. मित्रांनी निदान त्याच्यासमोर पुडी उघडू नये, एवढे तरी करावे.

राहिली भीती. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, साधा खोकला आला तरी रोग उलटल्याची शंका येते. हे जवळजवळ सर्वांनाच होते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, तर ते आपल्या डॉक्टरांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. तोंडाचा कर्करोग उलटलाच, तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून या काळातली एकही तपासणी ‘बरे वाटते आहे’ या कारणाने चुकवू नये. कोणते औषध, किती शेक, कोणती शस्त्रक्रिया याचा लेखी गोषवारा रुग्णालयातून मागून घ्यावा आणि विचारायचे प्रश्न आदल्या रात्री कागदावर उतरवून ठेवावेत. बाहेरगावच्या श्रोत्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कर्करुग्णांसाठीची रेल्वेची भाडेसवलत ठरावीक तपासणीच्या प्रवासालाही लागू असते. तिचे प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडूनच मिळते. नमस्कार.