कोथरूडची दुसरी बांधणी

(दृश्य: मयूर कॉलनीतली गल्ली, सकाळची वेळ. एका जुन्या इमारतीभोवती निळे पत्रे लागले आहेत. शेजारच्या इमारतीत लोक अजून राहतात.)

पुण्यात घर शोधणाऱ्या कुटुंबाला विचारा, पहिली पसंती कुठली? दहा जणांमागे दोघं-तिघं तरी कोथरूड म्हणतील. शाळा चालत जाण्याइतकी जवळ. भाजी जिना उतरला की दारात. संध्याकाळी सातला क्लास सुटला तर मुलगी सायकलवरून एकटी घरी येते, आणि तिची वाट बघत कुणी गॅलरीत ताटकळत नाही. रविवारी यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात नाटक, एरवी थोरात उद्यान. इथल्या घरांचे भाव चढे आहेत ते याच्यासाठी. हे सगळं उभं राहायला माणसांच्या दोन पिढ्या गेल्या. आता तेच कोथरूड इमारतीमागून इमारत पाडून पुन्हा बांधलं जातंय, तर या बांधणीत काय टिकतंय हे बघायलाच हवं.

(दृश्य: हिंगण्यातली महर्षी कर्व्यांची झोपडी.)

1900 साली धोंडो केशव कर्व्यांनी आपला विधवांसाठीचा आश्रम शहरातून हिंगण्याच्या माळावर आणला. गावात प्लेगची साथ होती. रावबहादूर गोखल्यांनी सहा एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. त्या माळाला आज कर्वेनगर म्हणतात. कोथरूड हे शेजारचं गाव, आणि पुण्याच्या लोकांच्या लेखी ते तेव्हा फार लांब होतं.

हे अंतर हळूहळू मिटलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, आणि हजारो कुटुंबांना नव्याने घर मांडावं लागलं. शहर नदी ओलांडून पश्चिमेकडे सरकत होतंच, आता त्याला जोर आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बँकेतले, एलआयसीतले, सरकारी नोकरीतले लोक आणि शिक्षक एकत्र आले, सहकारी संस्था नोंदवल्या, प्लॉट घेतले. वाड्यातल्या दोन खोल्या सोडून स्वतःच्या वन बीएचकेत, स्वतंत्र संडास-बाथरूम असलेल्या घरात राहायला येणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती! आशियातलं सर्वांत वेगाने वाढणारं उपनगर, असं कोथरूडबद्दल पुढे सांगितलं जायचं ते या वाढीमुळेच.

(दृश्य: जुन्या सोसायटीचा जिना. लाल कोब्याच्या पायऱ्या, कठड्याला झिजलेला लाकडी हात.)

त्या इमारती नीट बघा. खाली पार्किंग, वर तीन मजले. लिफ्ट नाही. बाजूच्या मोकळ्या जागेत आंबा, नारळ, एखादा प्राजक्त. घरं घेतली तेव्हा मालक पस्तिशीत होते, आज ते पंचाहत्तरीत आहेत. मुलं हिंजवडीला नोकरी करतात आणि बाणेर-बावधनला राहतात, किंवा थेट न्यू जर्सीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, भाजीवाला त्यात मेथीची जुडी आणि सुटे पैसे ठेवतो, पिशवी वर जाते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं. अशा घरात राहणाऱ्याला रीडेव्हलपमेंट नको म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही. लिफ्टची गरज खरी आहे आणि तातडीची आहे.

प्रश्न पुढचा आहे: पाडून बांधायचं किती?

इथे सगळा खेळ समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर येतो. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निवासी प्लॉटला मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, 1.1 आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. रस्ता जितका रुंद, तितकं बांधकाम जास्त, आणि बिल्डरला विकायला घरंही जास्त. म्हणून सहा मीटरच्या गल्लीतल्या सोसायटीला बिल्डर मिळेना, आणि चार घरं पलीकडे बारा मीटर रस्त्यावरच्या सोसायटीत ऑफर घेऊन रांग. 2020 मध्येच महापालिकेने सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला, तो याच अडचणीपोटी. रस्ता रुंद करायचा म्हणजे प्लॉटची पुढची पट्टी सोडायची. त्या पट्टीतच बहुतेकांचे आंबे आहेत.

(दृश्य: सोसायटीचा फलक. ‘विशेष सर्वसाधारण सभा. सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे.’)

सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती वाढवून देणार? मग कॉर्पस, म्हणजे बिल्डरने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम, किती, भाडं किती, ते किती महिने आधी, सामान हलवायचा खर्च कोणाचा. सहकारी संस्थांसाठी राज्याच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खाली 4 जुलै 2019 चे निर्देश आहेत. बिल्डर निवडायच्या सभेला निबंधकाने नेमलेला अधिकारी हजर हवा, दोन तृतीयांश सभासद हवेत, एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती हवी, सगळ्याचं चित्रीकरण हवं. बिल्डरने बांधकाम खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी द्यायची, हेही त्यातच आहे, आणि वाढीव कारपेटच्या नादात हाच मुद्दा सर्वांत आधी सोडून दिला जातो. सभासदांनो, तो सोडू नका. काम अर्ध्यावर थांबलं आणि भाडं येणं बंद झालं तर हातात तेवढंच उरतं. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी म्हणून नव्हे, तर अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांना 1970 चा वेगळा कायदा लागतो, तेव्हा आपली नोंदणी कशाखाली झाली आहे हे कपाट उघडून आधी बघावं.

घर विकत घेणाऱ्यांचं काय? मोकळे प्लॉट कोथरूडमध्ये जवळपास संपले. नवा फ्लॅट म्हणजे कुणाच्या तरी पाडलेल्या घरावरचे वरचे मजले. चांगल्या रस्त्यावर नवा टू बीएचके एक कोटीच्या आत मिळणं कठीण. समजा किंमत 1 कोटी 20 लाख ठरली. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 8 लाख 40 हजार. नोंदणीचे 30 हजार. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 6 लाख. घरात पाऊल टाकायच्या आधी 14 लाख 70 हजार गेले. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, ती मात्र जरूर घ्यावी. हा आकडा पेलत नाही म्हणून इथेच वाढलेली मुलं वारज्याला, शिवण्याला घर बघतात, आणि नातवंडांना सांभाळायला आजी-आजोबा रोज तिकडे जातात.

(दृश्य: सुतारदरा, टेकडीच्या उतारावरची घरं. पाठीवर दप्तर घेतलेली मुलं पायऱ्या उतरताहेत.)

कोथरूड म्हणजे नुसत्या सोसायट्या नव्हेत. सुतारदरा, केळेवाडी, किष्किंधानगर, शास्त्रीनगर. सोसायटीतल्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्या मावशी इथून येतात, पोळ्या करणाऱ्या, रिक्षा चालवणारे, इस्त्रीवाले इथूनच. कोथरूड राहायला सोपं आहे ते या लोकांचं घर पायी जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून. घरांच्या बाजाराविषयी बोलताना त्यांचा उल्लेख होत नाही, तो व्हायला हवा.

(दृश्य: वेताळ टेकडी, पहाटेचे चालणारे.)

टेकडी इथल्या माणसाच्या दिवसात आहे. पहाटे साडेपाचला बूट घालून निघायचं, वर ओळखीचे चेहरे, उतरताना चहा. म्हणूनच 2023 च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्त्याविरुद्ध हजारो माणसं रस्त्यावर उतरली, आणि त्यात पांढऱ्या केसांची गर्दी मोठी होती.

(दृश्य: वनाज स्थानक, मेट्रो सुटते.)

6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. जिथे वर्षानुवर्षं शहराचा कचरा पडायचा त्या कोथरूड डेपोच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. ही इथली खरी मोठी सुधारणा. 2025 मध्ये केंद्राने चांदणी चौकापर्यंतचा विस्तारही मंजूर केला.

(दृश्य: नवी अकरा मजली इमारत. पूजेचं तोरण, लिफ्टसमोर थांबलेलं वयस्क जोडपं.)

नव्या घरी परतलेल्यांच्या चेहऱ्यावर आनंद आहे. पस्तिशीत गुंतवलेली बचत पंचाहत्तरीत पुन्हा फळाला आलेली दिसते. फक्त मेंटेनन्सचं पहिलं बिल आलं की आवाज खाली येतो. जुन्या इमारतीत महिना पाचशे-सातशे पुरायचे. आता दोन लिफ्ट, जनित्र, यांत्रिक पार्किंग, पाण्याचे पंप, चोवीस तासांचा वॉचमन. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला हा खर्च दर महिन्याला, कायमचा. काही सोसायट्यांनी यावर आधीच विचार केलाय. कॉर्पस वाटून न घेता तो संस्थेच्या नावे मुदत ठेवीत ठेवायचा आणि व्याज मेंटेनन्सला लावायचं, गच्चीवर सौर पॅनेल बिल्डरकडूनच बसवून घ्यायचं, यांत्रिक पार्किंगच्या देखभालीची पाच वर्षांची जबाबदारी करारात लिहून घ्यायची. आणि मागच्या बाजूचा जो आंबा रस्त्याच्या पट्टीत येत नाही, तो नकाशावर खूण करून वाचवायचा. ही कलमं करारात घालायला वाढीव कारपेटमधला एक फूटही सोडावा लागत नाही.